मी बसलो की मोटर नीट चालायची

कळंबात होडीची मोटर दुरुस्त होते, असं सांगितलं की माणूस आधी माझ्या तोंडाकडं बघतो आणि मग हसतो. हसण्यासारखं आहेच. आमच्याकडं पाणी म्हटलं की बोअर, विहीर आणि टँकर. नदी वर्षातले बरेच महिने गाडीवाटेसारखी कोरडी पडून असते. पण नदीवर धरण आहे, धरणात मासे आहेत, माशांमागं माणसं आहेत. अलीकडं त्यातल्या काहींनी वल्ही बाजूला ठेवून बॅटरीवरची मोटर बसवली. मोटर आली तसा बिघाड आला, आणि बिघाड घेऊन ती माणसं एसटी स्टँडमागच्या बोळात माझ्या दुकानी यायला लागली.

बॅटरीवर चालणारी मोटर हा माझा धंदा. जीपचा सेल्फ, ट्रॅक्टरचा डायनॅमो, ई-रिक्षा, अपंगांची खुर्ची. पिठाच्या गिरणीची मोटर मी घेत नाही, ते रिवायंडिंगवाल्यांचं काम. माझं काम बारा आणि चोवीस व्होल्टचं. लोकांना वाटतं, व्होल्टेज कमी म्हणजे काम सोपं. शॉक बसत नाही एवढंच काय ते सोपं. घरातल्या लाइनीत दोन व्होल्ट वाटेत गळाले तर पंख्याला पत्ताही लागत नाही. बारातले दोन गळाले तर मोटर कण्हायला लागते. वायर जरा बारीक निघाली, एखादा नट सैल राहिला, कुठं हिरवं धरलं, की झालं. म्हणून माझ्या धंद्यात मोटर कमी बघायची आणि तिच्यापर्यंत येणारी वाट जास्त बघायची.

या मोटरींना सगळ्यात अवघड काय असेल तर हळू चालणं. पळायला कुठलीही मोटर पळते. बॅटरी जोडली की निघाली. तिला चालीवर आणायचं तर मध्ये काहीतरी अडवणारं लागतं. जुन्या काळी तारेचं वेटोळं असायचं. करंट त्याच्यातून घालवायचा, निम्मा तिथंच उष्णता होऊन जायचा आणि उरलेल्यावर मोटर हळू फिरायची. वेटोळं जळालं की हळू चाल गेली, फक्त पळणं उरलं. अणदूरला खंडोबाच्या यात्रेत एक लहान पोरांचा पाळणा यायचा, बॅटरीवरचा. त्याचं वेटोळं ऐन गर्दीत जळालं आणि मालकानं घाबरून बटण पुढच्या आकड्यावर नेलं. पोरं खुशीत ओरडत होती, आया खालून ओरडत होत्या, आणि मालक पाळण्याबरोबर गोल पळत होता. मी देवदर्शनाला गेलेलो. बॅटरीचा चिमटा उपटला तेव्हा पाळणा थांबला. पोरं उतरायला तयार नव्हती, हे वेगळं.

आता वेटोळी गेली, कंट्रोलर आले. कंट्रोलर करंट अडवून धरत नाही. तो करंट सोडतो, तोडतो, सोडतो, तोडतो, एका सेकंदात हजारो वेळा. पाइपाच्या तोंडावर तळहात ठेवायचा आणि काढायचा, असं भराभर केलं तर बादली सावकाश भरेल, तसंच. किती सोडायचा हे कंट्रोलरला सांगतं ते पंख्याच्या रेग्युलेटरसारखं एक गोल बटण. बटणापासून कंट्रोलरपर्यंत तीन बारीक तारा जातात, एक लाल, एक काळी, एक पांढरी. पांढरीवर जितका विजेचा दाब येईल तितकी मोटर पळते. एवढं ध्यानात ठेवलं तरी पुढची हकिगत कळेल.

गयाबाई दुकानी आल्या त्या डोक्यावर घमेलं घेऊन. घमेल्यात होडीची मोटर, लुगड्याच्या धडप्यात गुंडाळलेला कंट्रोलर आणि त्याला लोंबणारं बटण. पन्नाशी ओलांडलेली बाई, उन्हानं रापलेली, बोलणं थोडं.

"काय होतंय?" मी विचारलं.

"उधळतीय."

"म्हणजे?"

"बारीक चालीवर ठिवली की जरा येळ गुणानं चालती, आन मधीच बैलावानी उधळती. म्या जाळं सोडायलेली असते. जाळं पंख्यात जातंय. परवा तर म्याच गेले पाण्यात. होडीची कड हाताला घावली म्हणून बरं."

हे सगळं त्यांनी बाजारात भेंडी महागली म्हणून सांगावं तसं सांगितलं.

त्यांचा नवरा अंबादास माझ्या ओळखीचा. दम्यानं वल्हं मारवेना म्हणून त्यानं ही चोवीस व्होल्टची मोटर हैदराबादहून आणवली होती आणि वायरिंग स्वतःच्या हातानं केलं होतं. कार्बन बदलायला म्हणून तो एकदा दुकानी आला आणि सबंध दुपार मला माशांच्या जाती सांगत बसला. मागच्या उन्हाळ्यात तो गेला. तेव्हापासून गयाबाई होडी एकट्या काढत होत्या.

जाळं टाकणं हे दोघांचं काम आहे. एकानं होडी हळूहळू पुढं न्यायची, दुसऱ्यानं जाळं हात हात सोडत जायचं. होडी पळाली तर जाळं ताणतं, थांबली तर गोळा होतं. एकट्या माणसाला हे करायचं तर मोटरच्या हळू चालीवरच भिस्त. म्हणजे गयाबाईंच्या होडीत दुसरं माणूस म्हणजे ती हळू चाल होती. ती गेली तर धंदाच गेला.

मी कंट्रोलर टेबलावर जोडला, बटण बारीक केलं आणि मोटर फिरत ठेवली. दुपार गेली. गयाबाई दुकानाच्या पायरीवर बसून तिच्याकडं टक लावून बघत होत्या. मोटर सासरी नव्या आलेल्या सुनेसारखी खाली मान घालून फिरत राहिली.

"इथं बघा कशी गरीब झालीय," त्या म्हणाल्या.

मी नट आवळले, सोल्डरचे टाके नवे मारले आणि पाठवून दिलं. चारआठ दिवसांत फोन आला. "मिस्त्री, उधळली."

मग मीच मोटरसायकल काढून धरणावर गेलो. मीटर गळ्यात अडकवून होडीत पुढच्या टोकाला बसलो, गयाबाई मागं मोटरपाशी. निघालो. काठ मागं गेला. पाण्यात बुडालेल्या बाभळींचे वठलेले शेंडे वर आलेले, त्यांच्यावर पाणकावळे पंख पसरून बसलेले. मोटरचा बारीक घुमणारा आवाज आणि होडीच्या पत्र्याला लागणारं पाणी, याखेरीज काही नाही. जाळं सोडून झालं, फिरून झालं, मोटर एकदाही उधळली नाही. दुपारी होडीतच गयाबाईंनी भाकरी सोडली. ठेचा आणि तळलेला मासा. खाताना त्या म्हणाल्या, "ह्या जागंवर हवा चांगली लागती. आमी हितंच खायचो." एवढंच.

खरं सांगतो, तो दिवस मला बरा गेला. माझी बायको सुमन जाऊन चौथं वर्ष लागलंय. मुलगी बार्शीला, तिच्या संसारात. दुकानात दिवसभर माणसं येतात, पण ती बिघाडापुरतं बोलतात. काय झालं, कधी मिळंल, बास. संध्याकाळी शटर ओढलं की दुसऱ्या दिवशी शटर उघडेपर्यंत माझा आवाज मलाच ऐकू येत नाही. त्या दिवशी कुणीतरी वाढलेलं मी खाल्लं, आणि बिघाड सापडला नाही याचं मला म्हणावं तेवढं वाईट वाटलं नाही.

पण दोन दिवसांनी मोटर पुन्हा उधळली. या वेळी जाळं फाटलं.

मी बटण बदललं. माझ्याकडचा दुसरा कंट्रोलर बसवून बघितला. बॅटऱ्या एक एक तपासल्या. प्रत्येक वेळी मी होडीत बसायचो, आम्ही फेरी मारायचो, सगळं नीट. मी कळंबला पोचलो की एकदोन दिवसांत फोन. धरणावरच्या लोकांत आता चर्चा व्हायला लागली होती. गयाबाईंचा दीर नामदेव एकदा काठावर मला गाठून म्हणाला, "मिस्त्री, तुमी तरी वैनीला समजून सांगा. बाईमाणसानं एकटीनं पाण्यात जायचं काम हाय का हे? एकांद्या दिशी बुडून मरंल. होडी मला देऊन टाक म्हणावं. तिच्या दोन येळच्या भाकरीचा जिम्मा माझा."

माणूस वाईट नव्हता. काळजीनंच बोलत होता. पण गयाबाईंनी ते ऐकलं आणि होडीतला डबा काठावर आपटला.

"बसून भाकरी खायाची आसती तर म्या मिस्त्रीला कशाला बोलावलं आसतं?" मग माझ्याकडं वळल्या. "आन तुमी! तुमी बसला की गुणानं चालती. तुमी गेला की उधळती. माणूस बघून वागती का ही? का म्या खोटं बोलायलेय?"

खरं तर माझ्या मनात तेच आलं होतं. घाबरलेलं गिऱ्हाईक थोडं वाढवून सांगतं, हे मी धंद्यात कितीदा बघितलंय. एकटी बाई, पाण्याच्या मधोमध, हात थरथरला असेल, बटण फिरलं असेल.

घरी येताना मला सुमनची आठवण झाली. पूर्वी ती दुकानात गल्ल्यापाशी बसायची. मोटरीतलं तिला ओ की ठो कळत नव्हतं, पण गिऱ्हाइकाला ती असं काही विचारायची की निम्मं काम तिथंच व्हायचं. बिघाड होतो तेव्हा तुम्ही कुठं असता? गाडीत कोण असतं? पाऊस असतो का ऊन? मी मोटरला विचारत बसायचो, ती माणसाला विचारायची. आणि मी एवढ्या खेपा घालून गयाबाईंना एकही धड प्रश्न विचारला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळीच फोन केला. "बाई, उधळती तेव्हा होडीत कोण कोण असतं?"

पलीकडून त्या म्हणाल्या, "कोण आसनार, मिस्त्री? म्या एकलीच."

मी तसाच धरणावर गेलो. होडीला मागून लांब दोर बांधला, त्याचं दुसरं टोक काठावरच्या बाभळीला. गयाबाईंना म्हटलं, "आज मी बसत नाही. तुम्ही एकट्या जा, कमरेएवढ्या पाण्यातच फिरा. मी इथनं बघतो."

"आन उधळली तर?"

"उधळलीच पाहिजे. ती उधळावी म्हणून तर आलोय."

त्या पहिल्यांदाच हसल्या.

मी काठावर उकिडवा बसून बघत राहिलो. इतके दिवस मी होडीतून पाणी बघितलं होतं, बाहेरून होडी बघितली नव्हती. गयाबाई मागं मोटरपाशी बसल्या. दोन्ही बॅटऱ्या मागं, मोटर मागं, आणि त्या स्वतः मागं. होडीचं पुढचं टोक पाण्याबाहेर वर उचललेलं. मागची बाजू खाली दबलेली. जाळ्याबरोबर होडीत येणारं पाणी, तळाच्या भेगेतनं झिरपणारं पाणी, सगळं उतारानं मागं जाऊन साठत होतं. त्यांनी जाळं सोडायला घेतलं. जरा वेळानं मोटरचा आवाज एकदम चढला, होडी पुढं झेपावली आणि दोर ताणून ठाप्पकन थांबली. गयाबाई दोन्ही हातांनी फळी धरून बसल्या होत्या.

"मेन स्विच!" मी ओरडलो. त्यांनी तो पाडला. मोटर थांबली.

मी दोरानं होडी काठाकडं ओढली आणि पॅन्ट गुडघ्यापर्यंत सारून पाण्यात उतरलो. मागच्या फळीखाली हात घातला तर हात मनगटापर्यंत पाण्यात गेला, आणि त्या पाण्यात बोटांना कपलर लागला. बटणाच्या तीन तारा जिथं कंट्रोलरच्या तारांना जोडतात तो प्लास्टिकचा तुकडा. काढून बघितला. आतले पितळी काटे हिरवे झालेले. पाण्याखाली गेला की घाण पाण्यातून लाल तारेचा करंट पांढरीवर उतरायचा, आणि कंट्रोलरला वाटायचं, बटण शेवटपर्यंत फिरवलंय. मी दर वेळी कंट्रोलर बदलला होता, बटण बदललं होतं, आणि दोघांच्या मधला हा तुकडा पुसून पुन्हा तिथंच खोवला होता. पाणी उपसून कोरडं केलं की तो पुन्हा शहाणा.

"म्हंजे हे आधी कामून होत नव्हतं?" गयाबाईंनी विचारलं.

मी म्हणालो, "पुढं माणूस बसलं की होडी सपाट राहते. पाणी मधल्या खोलगट भागात थांबतं, मागं येत नाही. मी बसलो की म्हणून नीट चालायची."

त्यांनी पुढच्या टोकाकडं बघितलं. "ते तितंच बसायचे. जाळं सोडायला."

"व्हय."

"म्हंजे ते होते तवाबी ही वायर हितंच हुती."

"हितंच होती. भिजत नव्हती."

त्या डब्यानं होडीतलं पाणी उपसत राहिल्या. संपलं तरी उपसत राहिल्या.

कपलर काढून टाकून मी तारा डाग मारून जोडल्या, वर रबरी नळी चढवली आणि सगळं फळीच्या वरच्या अंगाला बांधलं. तिथंच थांबलो असतो तरी चाललं असतं. पण होडी अशी मागं दबून चालणं बरं नव्हतं. वाऱ्यात पुढचं टोक भरकटतं, आणि एखाद्या लाटेला मागून पाणी आत यायचं. पुढं वजन पाहिजे होतं. दगड टाकावा तर नुसतंच ओझं. मी म्हणालो, "बॅटऱ्या पुढं नेऊ."

त्यासाठी लांब वायर लागणार, आणि चोवीस व्होल्टला लांब वायर म्हणजे वाटेत गळती. येडशीला एका भंगारवाल्याकडं वेल्डिंगची जाड केबल पडली होती, ती आणली. एक सबंध दिवस आम्ही दोघं त्यावर होतो. मी फळीला भोकं पाडत होतो, त्या केबल ओढत होत्या. अंबादास बसायचा त्या फळीवर आम्ही दोन्ही बॅटऱ्या ठेवल्या, पट्टीनं आवळल्या आणि वर पाणी उडू नये म्हणून प्लास्टिकचं टोपलं उपडं बांधलं. मी मीटर लावून बघितलं. गळती नावाला होती.

गयाबाई जरा लांब उभ्या राहून बघत होत्या. म्हणाल्या, "आता हितं बसायला जागाच ऱ्हायली न्हाय की."

"न्हाय," मी म्हणालो. "लागणारबी न्हाय."

मग त्या एकट्या गेल्या. होडी पाण्यावर ताटासारखी सपाट. मोटर बारीक चालीवर, जाळं हातातनं सुटतंय, मागं जाळ्याला बांधलेले थर्मोकोलचे तुकडे एका रेषेत तरंगतायत. वळणापर्यंत गेल्या, वळल्या, परत आल्या. नामदेवही काठावर येऊन उभा होता. तो म्हणाला, "जमलं की हो, मिस्त्री." त्याच्या आवाजात सुटल्यासारखंही होतं आणि थोडं नाराजही.

त्यानंतर गयाबाईंचा फोन आला नाही. येण्याचं कारणही नव्हतं. दुरुस्त झालेलं गिऱ्हाईक परत येत नाही, आणि त्यातच मिस्त्रीची इज्जत असते. चाळीसेक वर्षं मी या गोष्टीचा तोरा मिरवला. माझं काम पुन्हा उघडावं लागत नाही, असं चारचौघांत सांगितलं. पण नंतर बरेच दिवस दुपारी फोन वाजला की मी हात पुसून घाईनं उचलायचो, आणि तो कुणा ई-रिक्षावाल्याचा निघायचा.

परवा धरणाच्या पलीकडच्या गावात एका ट्रॅक्टरचा सेल्फ काढायला गेलो होतो. काम उरकलं आणि येताना गाडी आपोआप काठाच्या वाटेला लागली. होडी दूर पाण्यात होती. मी बाभळीखाली गाडी लावली आणि उभा राहिलो. मोटरचा आवाज ऐकून मला कळतं ती कशी आहे ते. ती झकास होती. एका सुरात, कुठं चढ नाही, उतार नाही.

गयाबाईंनी मला ओळखलं. जाळं हातात धरूनच पाण्यावरून ओरडल्या, "मिस्त्री! काय बिघडलंय का?"

"न्हाय!" मी ओरडलो. "काय न्हाय!"

"मग?"

मी नुसता हात हलवला. जाळं अर्ध्यावर होतं, त्यांना थांबता येत नव्हतं. होडी हळूहळू पुढं जात होती. त्या मान मागं वळवून बोलत होत्या.

"थांबा जरा! हे टाकून येते. च्या करते!"

"नको, बाई! पुढं काम हाय!"

"बरं!" म्हणाल्या आणि जाळ्याकडं वळल्या.

मी किक मारली आणि कळंबच्या रस्त्याला लागलो. पुढं काही काम नव्हतं.